राहण्याचे गाव निवडताना नकाशे किती उपयोगी पडतात: तीन सेवांचे परीक्षण

नोकरीची जागा ठरलेली आहे आणि घर कोणत्या गावात घ्यायचे ते ठरायचे आहे, अशा वेळी माणसापुढे दोन प्रश्न असतात. कामावर जायला-यायला किती वेळ लागेल, हा पहिला. आणि त्या गावात चार माणसे आपली होतील का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिनिटांत मिळते, त्यामुळे बहुतेक कुटुंबे तेवढ्यावरच निर्णय घेतात आणि दुसरा प्रश्न नशिबावर सोडतात. गूगल मॅप्स, ओपनरूटसर्व्हिसचा आयसोक्रोन नकाशा (ठरावीक वेळात कोठवर पोहोचता येते ते दाखवणारा) आणि वॉक स्कोअर (पायी अंतरावरच्या सोयींवरून पत्त्याला गुण देणारी सेवा) या तीन सेवा या दोन्ही प्रश्नांना कितपत पुऱ्या पडतात, हे येथे तपासले आहे. पाचांपैकी गुण द्यायचे, तर प्रवासाच्या हिशेबाला गूगल मॅप्सला चार आणि ओपनरूटसर्व्हिसला तीन देता येतील. शेजाराचा अंदाज देण्यात मात्र तिन्हींपैकी एकही सेवा दोनच्या वर जात नाही.

गुण देताना निकष एकच ठेवला आहे: कामाच्या दिवशी संध्याकाळी आपण किती वाजता घरी असू, हे ही सेवा खरेपणाने सांगते का? ग्रंथालय, मैदान, गायनाचा वर्ग, रहिवाशांची सभा, मुलांचा सराव, यांपैकी बहुतेक गोष्टी संध्याकाळच्या दोन-तीन तासांत घडतात, आणि त्या तासांत जो गावात नसतो त्याच्यासाठी ते गाव केवळ झोपण्याचे ठिकाण उरते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली टेक्सासमधील 909 नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा प्रसंगवार वृत्तांत घेतला, तेव्हा कामावर जाण्या-येण्याचा वेळ सर्वांत नकोशा वेळांत मोडला आणि काम संपल्यावर माणसांत मिसळण्याचा वेळ सर्वांत हव्याशा वेळांत. म्हणजे ये-जा वाढते तेव्हा दिवसातला सर्वांत चांगला वेळ कापून सर्वांत वाईट वेळाला जोडला जातो. अर्थशास्त्रज्ञ आलोइस श्टुट्सर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील माहितीवरून 2008 साली मांडलेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगाराने किंवा चांगल्या घराने व्हायला हवी होती, प्रत्यक्षात लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळले.

गूगल मॅप्स सगळ्यांच्याच फोनमध्ये असते. पण घर पाहायला निघालेले लोक त्यात जो आकडा पाहतात तो बहुधा सुटीच्या दिवशी दुपारी पाहिलेला असतो, आणि त्या आकड्याला काडीचीही किंमत नाही. 'या वेळी निघा' आणि 'या वेळी पोहोचा' हे दोन पर्याय वापरल्याशिवाय या सेवेकडून गाव निवडण्यासाठी काही मिळवता येत नाही. मंगळवार किंवा बुधवार निवडावा, कार्यालयात पोहोचण्याची वेळ सकाळी नऊ अशी भरावी, आणि गाडीच्या मार्गावर काय उमटते ते पाहावे. तेथे एकच आकडा येत नाही. '35 मिनिटे ते 1 तास 10 मिनिटे' अशा धर्तीची मर्यादा दिसते. खालचा आकडा घराच्या जाहिरातीसाठी आणि वरचा आकडा आपल्यासाठी, असे मानून चालावे. ज्या गावाची मर्यादा 45 ते 55 मिनिटे आहे ते गाव, 30 ते 75 मिनिटे मर्यादा असलेल्या गावापेक्षा, माझ्या मते केव्हाही बरे. सरासरी जवळपास सारखीच असली, तरी पहिल्या गावातला माणूस सात वाजताच्या सभेला येतो म्हणून सांगू शकतो आणि दुसऱ्या गावातल्याला 'जमले तर येतो' असे म्हणावे लागते. रोज 'जमले तर' म्हणणाऱ्याला कोणी संघात घेत नाही आणि समितीवरही घेत नाही.

परतीचा प्रवास वेगळा तपासावा. संगणकावर नेहमीची वाहतूक दाखवणारा थर उघडला की तळाशी वार निवडायची सोय आणि तासांची एक पट्टी येते. ती पट्टी संध्याकाळी पाचपासून हळूहळू पुढे सरकवली, की रस्ता हिरव्यातून नारिंगी आणि तेथून गडद लाल कसा होत जातो आणि पुन्हा केव्हा निवळतो हे दिसते. कार्यालयातून अर्धा तास लवकर निघता आले तर काय वाचते, किंवा तासभर थांबून निघाल्याने काहीच का वाचत नाही, हे याच पट्टीवर कळते.

सार्वजनिक वाहनांच्या बाबतीत सावध राहणे भाग आहे. ही सेवा परिवहन संस्थेने दिलेल्या वेळापत्रकावर चालते. संस्था वाहनांची चालू स्थिती पुरवत नसेल, तर पडद्यावर दिसणारी वेळ कागदावरची असते आणि नेहमी उशिरा येणारी बस तेथे वेळेवरच येत राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन फेऱ्यांमधले अंतर. दर सात मिनिटांनी गाडी असेल तर एक चुकल्याने फारसे बिघडत नाही. अर्ध्या तासाने असेल तर दारात भेटलेल्या सहकाऱ्याशी दोन वाक्ये बोलल्याची किंमत तीस मिनिटे होते. मार्ग दाखवताना सेवा हे अंतर ठळकपणे पुढे आणत नाही. पुढच्या फेऱ्यांची यादी उघडून ते स्वतः मोजावे लागते. शेवटची गाडी केव्हा सुटते, हेही त्याच यादीत पाहून घ्यावे.

आता शेजाराचा प्रश्न. गूगल मॅप्समध्ये एखाद्या ठिकाणी दिवसभरात गर्दी कशी चढते-उतरते हे दाखवणारे उभे स्तंभ असतात. गावाचे ग्रंथालय, उद्यान किंवा क्रीडासंकुल शोधून कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेतले स्तंभ पाहिले, तर त्या गावात त्या वेळी माणसे घराबाहेर असतात की नाही याचा कच्चा अंदाज येतो. कच्चा म्हणायचे कारण असे की हे स्तंभ त्या ठिकाणाच्याच आठवड्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या तुलनेत काढलेले असतात. एका गावाच्या ग्रंथालयाचा उंच स्तंभ आणि दुसऱ्याचा उंच स्तंभ यांत माणसे किती हे मुळीच कळत नाही. कळते ते फक्त कोणत्या वेळी. पण आपल्याला वेळच हवी असल्याने तेवढ्यापुरते ते पुरते. स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे दाखवणाऱ्या गूगल मॅप्सच्या सोयीत, 2014 पासून जुनी छायाचित्रेही पाहता येतात, आणि घर पाहणाऱ्यांनी ही सोय जरूर वापरावी. एकाच चौकाची काही वर्षांच्या अंतराने घेतलेली चित्रे पाहिली की दुकाने टिकली की बंद पडली, पदपथ रुंदावला की वाहनतळात गेला, बसायची जागा राहिली की काढून टाकली, हे कोणाला न विचारता समजते.

याच नकाशाचा एक दोष मात्र दिशाभूल करणारा आहे. वाहतुकीचा रंग वेग दाखवतो, वाहनांची संख्या दाखवत नाही. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. दिवसाला सुमारे 2,000 वाहने जाणाऱ्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर सुमारे 16,000 वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. असा भरवाहतुकीचा रस्ता रुंद असेल आणि वाहने सुसाट जात असतील, तर नकाशावर तो दिवसभर हिरवागार दिसेल, आणि ये-जा सोपी म्हणून आपण नेमके त्याच रस्त्यावर घर पसंत करू. यावर उपाय म्हणून ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा उघडावा. तेथे रस्त्यांची प्रतवारी केलेली असते, आणि मुख्य रस्ता, वस्तीतला रस्ता व पादचाऱ्यांना प्राधान्य असलेला रस्ता वेगवेगळ्या रीतीने काढलेले असतात. घर वस्तीतल्या रस्त्यावर आणि मुख्य रस्ता पायी पाच-सात मिनिटांवर, अशी जागा मिळाली तर दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीवर ओपनरूटसर्व्हिस चालते. ठरावीक वेळात जिथवर पोहोचता येते तो प्रदेश रंगवून दाखवणारा नकाशा, म्हणजे आयसोक्रोन, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1881 साली लंडनहून जगात कोठे किती दिवसांत पोहोचता येते असा नकाशा काढला होता. येथे दिवसांच्या जागी मिनिटे येतात. या सेवेचा खरा उपयोग घरात दोघे नोकरी करणारे असतील तेव्हा कळतो. दोन्ही कार्यालयांभोवती अर्ध्या-अर्ध्या तासाचे प्रदेश काढले की जेथे ते एकमेकांवर येतात तेवढीच गावे विचारात घ्यायची उरतात, आणि एकाची सोय म्हणजे दुसऱ्याची पायपीट हा नेहमीचा वाद शब्दांऐवजी नकाशावर मांडता येतो. अर्धा तास ही मर्यादाही हवेतली नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 साली असे मांडले की माणूस दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतो. वाहने वेगवान झाली की तो वेळ वाचवण्याऐवजी लांब राहायला जातो. ओपनरूटसर्व्हिसची उणीव अशी की ती रस्त्याच्या प्रकारावरून वेग धरते आणि गर्दीच्या वेळची कोंडी तिच्या हिशेबात नसते. त्यामुळे रंगवलेला प्रदेश खऱ्यापेक्षा मोठा येतो, आणि त्याच्या कडेची गावे गूगल मॅप्सवर पुन्हा पारखून घ्यावी लागतात. एक तासाचा प्रदेश काढून त्यात घर शोधणे मी कोणालाही सुचवणार नाही.

वॉक स्कोअरबद्दल थोडक्यात सांगून भागेल. 2007 साली सुरू झालेली ही सेवा एखाद्या पत्त्याला शून्य ते शंभर गुण देते. पाच मिनिटांच्या चालीत असलेल्या सोयींना पूर्ण गुण मिळतात, आणि अंतर वाढत तीस मिनिटांच्या पलीकडे गेले की काहीच मिळत नाही. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्याबाहेर ती फारशी कामाची नाही, आणि तेथेही ती दुकान किती जवळ आहे ते सांगते, दुकानात कोणी नावाने हाक मारील का ते सांगत नाही.

तिन्ही सेवा सर्व मिनिटे सारखीच धरतात, आणि येथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. पंचवीस मिनिटे एकट्याने गाडी चालवणे आणि चाळीस मिनिटे ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात ओळखीच्या माणसांबरोबर बसून जाणे, यांत दुसरा पर्याय लांबचा असला तरी शेजाराच्या दृष्टीने तो तोट्याचा नाही. ज्या स्थानकातून गाडी सुटते तेथे बसायला जागा मिळते, आणि त्या एका कारणासाठी दोन स्थानके पलीकडचे गाव निवडणे शहाणपणाचे ठरू शकते. हा फरक नकाशावर कोठेच दिसत नाही. तो पाहण्यासाठी कामाच्या दिवशी संध्याकाळी त्याच गाडीने त्या गावी जाऊन उतरावे, उतरलेली माणसे एकमेकांशी बोलत निघतात की थेट वाहनतळाकडे वळतात ते पाहावे, आणि सूचनाफलकावर ताजी पत्रके आहेत की मागच्या वर्षीची, हेही वाचून यावे.

घरून काम करण्याची मुभा असलेल्यांसाठी आणखी एक सोय असायला हवी होती, ती यांपैकी कोणीही देत नाही: आठवड्याची बेरीज. आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटांचा एकेरी प्रवास म्हणजे 400 मिनिटे होतात. दोनच दिवस दीड तासाचा एकेरी प्रवास म्हणजे 360. बेरजेत दूरचे गाव जिंकते, शिवाय तीन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या मिळतात. मात्र कार्यालयाने उद्या तीन दिवस येणे सक्तीचे केले तर त्याच गावाचा हिशेब 540 मिनिटांवर जातो. म्हणून ही बेरीज आजच्या दिवसांवर एकदा आणि एक दिवस वाढवून पुन्हा एकदा, अशी दोनदा कागदावर करून घ्यावी, आणि दुसऱ्या बेरजेतही जे गाव परवडते त्याच गावात घर पाहायला जावे.