जांभळी नाक्याचा किल्लीवाला (तिजोरी असेल तर ड्रिलवाल्याला बोलवायच्या आधी हे वाचा)

दुकानाचं नाव विचारू नका, पाटीच नाहीये. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मार्केटमधे आत शिरलात की एका बोळात पत्र्याची भलीमोठी किल्ली टांगलेली दिसेल, तेच. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढीच जागा, आत एक शेगडा, कानशींचा डबा आणि भिंतभर लटकवलेल्या किल्ल्या. काका सत्तरीच्या आसपासचे असतील.

मी तसा कुलूपवेडा, जुनी कुलपं जमवतो, घरी बायको त्याला भंगार म्हणते ते सोडा. पण काकांकडे पहिल्यांदा गेलो तो छंदासाठी नाही, चांगलाच अडकलो होतो म्हणून. चरईतल्या आमच्या जुन्या घरात आजोबांची चब कंपनीची तिजोरी आहे, इंग्लंडहून आलेली, चार माणसांना हलत नाही अशी. दिवाळीच्या साफसफाईनंतर तिची किल्ली फिरेचना. किल्ली तीच, वर्षानुवर्षं चालत आलेली, आत व्यवस्थित जाते आणि पाव वळसा घेऊन ठप्प. आधी एका चोवीस तासवाल्या किल्लीवाल्याला बोलावलं (नाव घेत नाही), त्याने दोन मिनिटं टॉर्च मारला, म्हणाला लिव्हर (कुलपाच्या आतली, किल्लीने उचलली जाणारी पट्टी) तुटलाय, ड्रिल मारावं लागेल, साडेचार हजार होतील आणि कुलूप नवीन टाकावं लागेल. ड्रिल पिशवीतून काढलंसुद्धा होतं त्याने! आई मधे पडली म्हणून वाचलो, नाहीतर आजोबांच्या तिजोरीच्या दाराला भोक पडलंच होतं.

मग नुसती किल्ली खिशात टाकून काकांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्याचं नख दातांवरून हळूहळू फिरवलं, प्रत्येक पायरीला थांबत थांबत, मग म्हणाले, "सात पायऱ्या, म्हणजे सहा लिव्हर, एक पायरी बोल्ट सरकवायची." मी म्हंटलं हो काका, पण फिरत का नाहीये? तर किल्ली परत हातात देत विचारतात, "हिच्यात दुसरी किल्ली कुणी घातली होती?"

कुणी नाही म्हणालो. आम्ही कशाला घालू?

"घरी विचारा," म्हणाले.

घरी विचारलं. भाच्याने दोन मिनिटं आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं, साफसफाईत जुन्या किल्ल्यांचा जुडगा सापडला होता, त्यातल्या सगळ्या त्याने एकेक करून लावून बघितल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी काका आले. यायच्या आधी आधार आणि लाइटबिल दोन्ही मागितलं, मला आधी जरा राग आला पण नंतर पटलं, कुणाचीही तिजोरी कुणीही उघडून मागितली तर काय करायचं त्यांनी. किल्ली घातली, उघडायच्या दिशेने नाही तर उलट, कुलूप लावताना फिरवतो तशी दाबली, आत बारीकसा टक आवाज आला, मग सुलट फिरवली आणि तिजोरी उघडली. अर्धा मिनिट लागलं असेल. आई हसायला लागली आणि मला मात्र त्या चोवीस तासवाल्याचे साडेचार हजार आठवत होते.

ही चबची जुनी युक्ती आहे. १७७८ मधे रॉबर्ट बॅरनने असं लिव्हर कुलूप काढलं की लिव्हर कमी उचलला तरी उघडणार नाही आणि जास्त उचलला तरी नाही. १८१८ मधे जेरेमाया चबने पुढची पायरी केली, कुणी चुकीची किल्ली किंवा तार घालून लिव्हर जास्त उचलला तर तो वरच अडकून बसतो, मग खरी किल्लीसुद्धा चालत नाही आणि मालकाला कळतं की कुणीतरी हात मारलाय. सुरुवातीला ते सोडवायला वेगळी किल्ली लागायची, नंतर तीच किल्ली उलट फिरवून काम व्हायला लागलं. म्हणजे आमची तिजोरी बिघडलेली नव्हतीच, ती भाच्याची चुगली करत होती आणि तो ड्रिलवाला चुगलखोराचंच डोकं फोडायला निघाला होता. (हेच कुलूप १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने उघडून दाखवलं, त्यामुळे अजिंक्य वगैरे काही नाही. पण भाच्यासाठी पुरेसं आहे.)

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तरी जातो, पिशवीत एखादं न ओळखलेलं कुलूप घेऊन. काका आधी किल्ली बघतात, दांडी पोकळ आहे का भरीव, दाताला बाजूने खाचा आहेत का, मग कुलूप कानाशी धरून हलवतात. मागे एक गंजलेलं कुलूप नेलं, वर '६ लिव्हर' कोरलेलं, त्यांनी किल्लीवर नख फिरवलं आणि म्हणाले चारच आहेत, बाकी दोन कोरीवकामातले. उघडून दाखवलं, खरंच चार! पावसाळ्यात बहुतेक लिव्हरची स्प्रिंगच मरते म्हणतात, मग हमखास गोदरेजवर येतात, १८९७ मधे लालबागला कुलपांपासून सुरुवात केलेल्या अर्देशीर गोदरेजनी बिनस्प्रिंगच्या कुलपाचं पेटंट घेतलं होतं, हे सांगताना काकांचा चेहरा असा होतो की जणू तिथे तेही हजर होते.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, कधीच नाही. अकराला उघडतात, दुपारी दोन ते पाच बंद, आणि गिऱ्हाईक नसेल तर बोलत सुटतात, घाईत असाल तर जाऊ नका. गाडी घेऊन तर अजिबात जाऊ नका, रिक्षाने या किंवा तलावपाळीवरून चालत जा. बिल मागितलं तर कागदाच्या तुकड्यावर आकडा लिहून देतात. डिजिटल लॉकचं काम घेत नाहीत, "त्यात बघण्यासारखं काय असतं" म्हणतात.

तिजोरीचे घरी येऊन पाचशे घेतले, साध्या लिव्हरची किल्ली हाताने कानस मारून दीडशेत झाली. मशीनवर कापलेली स्वस्त पडते पण जुन्या कुलपाला बसेल याची खात्री नाही, माझी आधीची दोनदा परत करावी लागली होती. काकांची पहिल्या फटक्यात बसली.

साडेचार स्टार, अर्धा फोनचा कापला. माझं एक पितळी कुलूप दोन आठवडे त्यांच्याकडेच पडून आहे, अजून ओळख पटली नाही म्हणून परत देत नाहीयेत.