मनीच्या बाळंतपणात डॉक्टरांची रात्रीची व्हिडिओ कॉल सेवा

आमच्या मनी मांजरीचं पहिलंच बाळंतपण, गाभणपणाचा ६४ वा दिवस, आणि कळा सुरू झाल्या रात्री पावणेदोनला. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकची रात्रीची व्हिडिओ कॉल सेवा आहे ती घेतली, आणि खरं सांगते, मनापासून पाच स्टार.

पहिलं पिल्लू अर्ध्या तासात आलं पण मनी गोंधळली, पिल्लाभोवतीची पिशवी फाडेचना, मी रडायच्या बेतात. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, स्वच्छ टॉवेल घ्या, नाकातोंडावरची पिशवी आधी काढा, तोंड पुसा आणि मऊ हाताने अंग चोळा. चोळत राहिले आणि ते चिंव करून ओरडलं ना, तो आवाज आयुष्यात विसरणार नाही! मग मनीला कळलं, पुढची तीन तिची तिनेच केली.

नाळ ओढायची नाही, प्रत्येक पिल्लामागे वार (नाळेला जोडलेला मांसल भाग) पडली का मोजायचं, ती मनीने खाल्ली तरी घाबरायचं नाही हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. आणि २० मिनिटं जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आलं नाही तर कॉलवर वेळ घालवू नका, सरळ उचलून घेऊन या, हे दोनदा बजावलं. मला हेच सगळ्यात आवडलं, उगाच धीर देत बसल्या नाहीत.

तक्रार एकच, कॉल मध्ये दोनदा कट झाला, तेवढं सुधारा प्लीज.

सकाळी चौघं दुधाला लागलेली. आता रोज किचनच्या काट्यावर वजन करतेय, सगळ्यांचं वाढतंय.