घरी बनवलेल्या एचडी डिस्क घरोघरच्या प्लेअरवर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निकाल आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. समोरच्या घरात ब्लू-रे प्लेअर असेल तर घरी बनवलेली एचडी डिस्क फार छान चालते. फक्त डीव्हीडी प्लेअर असेल तर ती डिस्क त्या घरी देऊच नका, साधी डीव्हीडी करून द्या. प्लेअरच नसेल आणि टीव्ही नवा असेल तर पेन ड्राइव्ह पुरतो. ज्यांना असं काम स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

माझं काम कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या गाण्यांचं. आमच्याकडे अमळनेरला श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी विसर्जन. ही गाणी अहिराणीत, आणि आमच्या घरात ती पूर्ण येणाऱ्या बाया आता मोजक्याच राहिल्या आहेत. मोठी आई, जिजी आणि गल्लीतल्या दोन-तीन जणी. म्हणून गेल्या श्रावणात घरच्या फुल एचडी हँडीकॅमवर अख्खी रात्र रेकॉर्ड केली. व्हॉट्सअॅपवर पाठवलं की चित्राचा लगदा होतो आणि टाळ्यांच्या आवाजात शब्द बुडतात. धुळे, भुसावळ, नंदुरबार, पुणे असा पसरलेला गोतावळा. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना रिमोटवरचं प्लेचं बटण ठाऊक आहे, पेन ड्राइव्हमधलं फोल्डर शोधणं त्यांना जमत नाही. शिवाय पेन ड्राइव्ह कुणीतरी उचलतो, त्यात झेरॉक्सला द्यायच्या फाइली भरतो आणि आपलं रेकॉर्डिंग उडतं. एकदा लिहिलेल्या डिस्कवर दुसरं काही भरता येत नाही.

साधी डीव्हीडी का नको, याचं उत्तर आकड्यांत आहे. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, फुल एचडीचं १९२० बाय १०८०. म्हणजे ठिपके पाचपट. लग्नातल्या स्टेजच्या दृश्यात हा फरक एवढा जाणवत नाही. पण नारळावर रेखलेले कानबाईचे डोळे, नथ, पातळाचा जरीकाठ, गाणाऱ्या बाईचे ओठ, हे सगळं डीव्हीडीत पुसट होतं. एचडी डिस्क पहिल्यांदा लावली तेव्हा जिजी टीव्हीच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आते बरोबर दिखस!"

आता प्लेअरांविषयी, कारण खरा गोंधळ तिथेच आहे.

एचडी व्हिडिओ दोन तऱ्हेच्या डिस्कवर बसवता येतो. एक म्हणजे खरी ब्लू-रे, म्हणजे एकदाच लिहिता येणारी बीडी-आर किंवा पुन्हा लिहिता येणारी बीडी-आरई. एका थराची २५ जीबी, दोन थरांची ५०. दुसरी तऱ्हा स्वस्तातली: साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडी-आरवर एव्हीसीएचडी पद्धतीने एचडी लिहायचं. एव्हीसीएचडी ही सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ साली आणलेली पद्धत. तिच्यातलं चित्र एच.२६४ या दाबून साठवण्याच्या पद्धतीत असतं आणि फाइलींची मांडणी ब्लू-रेसारखीच असते. हँडीकॅम आतून हेच लिहितो.

ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेअरमध्ये चालणार नाही, हे बहुतेकांना कळतं. तिचं लेझर ४०५ नॅनोमीटरचं जांभळट, डीव्हीडीचं ६५०चं लाल. फसगत होते ती दुसऱ्या तऱ्हेत. डिस्क साधी डीव्हीडी दिसते, ट्रेमध्ये बसते, फिरतेही, पण डीव्हीडी प्लेअरला एमपेग-२ ही जुनी पद्धत कळते, एच.२६४ नाही. मोडी वाचता न येणाऱ्याच्या हाती जुना दस्तऐवज द्यावा तसं होतं. हँडीकॅमच्या माहितीपुस्तकांत तर स्पष्ट ताकीद असते की एव्हीसीएचडी डिस्क डीव्हीडी प्लेअरमध्ये घालू नका, ती बाहेर न येण्याची शक्यता आहे. धुळ्याला एका नातेवाइकांकडे नेमकं हेच झालं. प्लेअरने डिस्क धरून ठेवली, प्लग काढून पुन्हा लावल्यावर सोडली. म्हणून आता प्रत्येक अशा डिस्कवर मार्करने ठळक लिहिते: "फक्त ब्लू-रे प्लेअर."

डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर '१०८०पी' छापलेलं असलं तरी भुलू नका. तो आकडा एचडीएमआयमधून चित्र ताणून मोठं करण्याचा आहे. एचडी फाइल वाचण्याशी त्याचा संबंध नाही. हा एक प्रश्न मला नातेवाइकांना पुन्हा पुन्हा समजवावा लागला. आता फोनवर सरळ विचारते, "नाना, प्लेअरवर ब्लू-रेची निळी खूण आहे का?" नसली की साधी डीव्हीडी.

आमच्या घरचा ब्लू-रे प्लेअर दोन्ही तऱ्हा वाचतो. भुसावळला भाच्याकडे जुनं प्लेस्टेशन ३ आहे, तेही दोन्ही चालवतं, आणि खरं सांगायचं तर आजवर सगळ्यांत कमी कुरकूर त्यानेच केली. नंदुरबारच्या प्लेअरला बीडी-आर चालते, पण डीव्हीडीवरची एचडी डिस्क तो नुसता डेटा म्हणून उघडतो आणि फाइलींची यादी दाखवतो. यादीतून क्लिप निवडली की चालते, पण मोठ्या आईच्या वयाच्या माणसाने ते कसं करायचं? तेव्हा दोन्हींत निवड असेल तर बीडी-आरच घ्या. प्लेअरच्या माहितीपुस्तकात चालणाऱ्या डिस्कची यादी असते. त्यात 'एव्हीसीएचडी' हा शब्द असला तरच डीव्हीडीचा मार्ग धरा.

डीव्हीडीच्या मार्गाला आणखी एक मर्यादा आहे, वेगाची, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याची. डीव्हीडीवरच्या एव्हीसीएचडीला सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंतच मुभा आहे. हँडीकॅमच्या एफएच मोडमधलं रेकॉर्डिंग साधारण १७चं असतं, ते जसंच्या तसं बसतं, पण एका डिस्कवर जेमतेम पस्तीस मिनिटं. त्याहून वरच्या २४ मेगाबिटच्या मोडमध्ये शूटिंग केलं असेल तर ते डीव्हीडीवर तसंच्या तसं जात नाही, ब्लू-रेच लागते. २५ जीबीच्या बीडी-आरवर १७ मेगाबिटचं तीन तासांहून जास्त, २४चं सव्वादोन तास. रात्रभराच्या गाण्यांसाठी डीव्हीडीची चळत देण्यापेक्षा एक-दोन बीडी-आर दिलेल्या केव्हाही बऱ्या. एव्हीसीएचडीच्या २०११च्या सुधारणेत आलेलं, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचं २८ मेगाबिटचं रेकॉर्डिंग मात्र नेहमीच्या ब्लू-रेच्या नियमांतच नाही. डिस्क करायची हे आधीपासून ठरलेलं असेल तर कॅमेरा ५०आयवर (सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम) ठेवा. पुढचा अर्धा त्रास तिथेच वाचतो.

करायची पद्धत सोपी आहे. हँडीकॅमच्या एमटीएस फाइली टीएसमक्सर या मोफत प्रोग्रामात घालायच्या, खाली 'ब्लू-रे डिस्क' किंवा 'एव्हीसीएचडी डिस्क' यांतला आपल्या डिस्कप्रमाणे पर्याय निवडायचा, दर पाच मिनिटांना चॅप्टर टाकायचा. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे नव्याने दाबला जात नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि जुन्या कॉम्प्युटरवरही काम लवकर उरकतं. तयार झालेलं बीडीएमव्ही फोल्डर इमगबर्न या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रामाने यूडीएफ २.५० या मांडणीत लिहायचं. हा यूडीएफचा आकडा चुकला की कॉम्प्युटरवर डिस्क झकास दिसते आणि प्लेअरमध्ये मुकी होते. आधी बीडी-आरईवर चाचणी घ्यावी, प्लेअरमध्ये पुढे-मागे करून पाहावं, मग पक्क्या डिस्क काढाव्यात.

मेनू मी मुद्दाम बनवत नाही. डिस्क घातली की गाणी सुरू, हेच घरच्या मंडळींना हवं असतं. अशा साध्या डिस्कवर आमच्या सगळ्या प्लेअरांना थांबवलेल्या जागेपासून पुढे चालवता येतं, ही म्हाताऱ्या माणसांसाठी मोठीच सोय आहे.

मोबाइलचं शूटिंग मात्र डोकं खातं. विसर्जनाची मिरवणूक, बोरी नदीवरचं सगळं, पोरांनी मोबाइलवर घेतलेलं. मोबाइल फ्रेमचा वेग सारखा कमीजास्त करतो, ब्लू-रेला तो पक्का लागतो. मोबाइलचा आवाज एएसी प्रकारचा असतो, ब्लू-रेच्या नियमांत एएसी नाही, म्हणून तो एसी-३ प्रकारात करावा लागतो. नव्या मोबाइलचं चित्र बहुधा एचईव्हीसी या नव्या पद्धतीचं असतं, तेही साध्या ब्लू-रेला चालत नाही. म्हणजे पूर्ण एन्कोडिंग आलं: एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, कमाल वेग ४० मेगाबिटच्या आत, आणि वेग जास्त ठेवला तर दर सेकंदाला एक की-फ्रेम (पूर्ण साठवलेली फ्रेम). एच.२६४ करणाऱ्या एक्स२६४ या प्रोग्रामात ब्लू-रेशी जुळवून घेण्याचा वेगळा पर्याय आहे, तो चालू केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोबाइलचं ३० फ्रेमचं चित्र ओढूनताणून २५वर आणलं की मिरवणूक ठेचकाळत चालते, म्हणून ते २९.९७वरच ठेवून डिस्कवर वेगळं टायटल करते. ६० फ्रेमचं असेल तर १२८० बाय ७२० मध्ये ५९.९४ला बसतं, आणि नाचणाऱ्या माणसांसाठी ते डोळ्यांना जास्त गोड वाटतं.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडून फाइल घेत असाल तर एक लक्षात ठेवा. ते बहुतेक २५ पूर्ण फ्रेमला शूट करतात आणि १०८०च्या आकारात २५पी ब्लू-रेच्या यादीत नाही. ते चित्र ५०आयची खूण लावून न्यावं लागतं. दर्जा जात नाही, पण खूण नसेल तर काही प्लेअर अडतात.

आता मला ज्याचं सगळ्यांत जास्त समाधान वाटतं ते सांगते: सबटायटल. अहिराणी गाण्यांचे शब्द पुण्यातल्या पोरांना कळत नाहीत. पेन ड्राइव्हवर एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांची सबटायटलची फाइल दिली की आमच्या टीव्हीवर देवनागरीचे चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. ब्लू-रेचं सबटायटल अक्षरांचं नसतंच, प्रत्येक ओळ चित्र म्हणून साठवलेली असते. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रामातून मराठी ओळी ब्लू-रेच्या सप फाइलीत काढल्या, टीएसमक्सरमध्ये जोडल्या, आणि प्रत्येक ब्लू-रे प्लेअरवर देवनागरी जशीच्या तशी उमटली. प्लेअरला मराठी येण्याची गरजच उरली नाही. रिमोटच्या एका बटणाने ओळी बंद होतात, म्हणजे ज्यांना गाणी पाठ आहेत त्यांना अडचण नाही. मी दोन ट्रॅक केले, एक अहिराणी शब्दांचा, दुसरा प्रमाण मराठीत अर्थाचा. ओळी लिहून घेताना जिजीशेजारी बसून एकेक शब्द विचारला, आणि काही कडवी अशी निघाली जी आईलाही पूर्ण माहीत नव्हती. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा उद्योग पुन्हा करीन.

परदेशातल्यांसाठी दोन शब्द. घरच्या डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, त्यामुळे भारताचा ब्लू-रे रीजन सी आणि त्यांचा ए, याने काही बिघडत नाही. पण अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच प्लेअरांना ५० हर्ट्झचं चित्र चालत नाही. तिकडच्या भावाला ५९.९४ची वेगळी डिस्क काढून दिली.

डिस्कच्या निवडीत कंजुषी नको. बीडी-आरमध्ये स्वस्त 'एलटीएच' प्रकार असतो, त्यात डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग वापरतात. काही जुन्या प्लेअरांना तो वाचताच येत नाही, आणि टिकाऊपणातही मी त्याच्यावर विसंबणार नाही. नेहमीच्या बीडी-आरचा थर अजैविक असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. डिस्क आतल्या खोलीत, कपाटात, उभ्या ठेवाव्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर तासभरसुद्धा नको. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीचा ०.६. वरून कठीण लेप असतो, तरी हळदी-कुंकवाची बोटं आणि केळीच्या चिकाचे हात लांबच बरे. लिहिताना लाइट गेली की डिस्क वाया, म्हणून इन्व्हर्टर चार्ज असल्याशिवाय बर्न सुरू करत नाही आणि वेग ४एक्सवर ठेवते.

ज्या घरी फक्त डीव्हीडी प्लेअर आहे त्यांच्यासाठी त्याच रेकॉर्डिंगवरून ५७६ ओळींची साधी डीव्हीडी केली, ८ मेगाबिटला सव्वा तासाची. चांगल्या एचडीवरून नीट उतरवलेली डीव्हीडी लग्नाच्या जुन्या डीव्हीडींपेक्षा स्वच्छ दिसते. नंदुरबारच्या आत्याला तीही पाठवली, बैठकीतल्या जुन्या टीव्हीसाठी.

एक काळजी आहे ती मालाची. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने २०२५ मध्ये रिकाम्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. जळगावच्या बाजारात बीडी-आर मागितली तर दुकानदार डीव्हीडीच पुढे करतात, मला त्या ऑनलाइनच मागवाव्या लागल्या. दुसऱ्या कंपन्यांच्या मिळतात अजून, पण ब्लू-रे प्लेअर बनवणारेही कमी होत चालले आहेत. म्हणून मूळ एमटीएस फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक अमळनेरला आणि एक पुण्याला. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गौराईची गाणी रेकॉर्ड करायची आहेत. त्यासाठीच्या बीडी-आर आत्ताच घेऊन ठेवल्या आहेत.