शार्कनेडो : दुसरा की सहावा?

"मामा, शनिवारी दुसरा लावू की सहावा?" इंदूरच्या रामबागेतून भाच्याचा प्रश्न. विषय 'शार्कनेडो', म्हणजे वादळातून शार्क कोसळणारी सिनेमांची मालिका. जमणाऱ्या पोरांनी फक्त पहिला भाग पाहिलाय.

दोन्ही 'द असायलम' या अमेरिकी सिनेमा कंपनीचे, स्वस्तातले, साधारण दीड तासाचे. शार्कही सारखेच खोटे. तिथे डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

फरक कथेत आहे. दुसऱ्यात (2014) वादळ न्यूयॉर्कवर येतं. सुरुवातीलाच शार्क विमानावर तुटून पडतात, पुढे स्वातंत्र्यदेवीचं मुंडकं रस्त्यावरून घरंगळत येतं, आणि नायक हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने झेलतो. खरी गंमत त्या गांभीर्यातच! नटच हसू लागला तर आपण कशाला हसायचं? पहिला भाग पाहिलेला असला की पुरे.

सहावा (2018) कालप्रवासाचा. डायनासोर, राजा आर्थरचा काळ, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, सगळीकडे शार्क. पण मधले भाग चुकले असतील तर नायिकेचं यंत्रमानवी रूप कुठून आलं ते कळत नाही. शिवाय हा स्वतःचीच टिंगल करतो, जरा जास्तच.

तेव्हा कल्ला, सेव-परमल आणि मध्येच फोन अशी रात्र असेल तर दुसरा लाव. सहावा पाचही भाग पचवलेल्या अट्टल मंडळींसाठी. आजी सोबत बसणार असेल तर दोन्ही नको. शार्क कापायला करवत फार चालते.