ॲमी स्ट्रीट: मागणीप्रमाणे चढणाऱ्या दरात गाणी घेण्याचा अनुभव

2006 साली अमेरिकेत सुरू होऊन 2010 मध्ये बंद झालेल्या, इंटरनेटवर गाणी विकणाऱ्या या सेवेची पद्धत अशी: नवं गाणं शून्यापासून सुरू व्हायचं, खरेदी वाढेल तसा दर चढायचा आणि 98 सेंटला थांबायचा. फाइल साधी एमपीथ्री, नक्कल रोखणारं कुलूप तिला नसायचं.

पहिले काही आठवडे फुकटचा मोह सुटायचा नाही. ढीगभर गाणी उतरवली जायची आणि त्यातली निम्मी ऐकलीही जायची नाहीत. खरा फायदा कळायचा तो नंतर, अल्बम घेताना. गाजलेलं एक गाणं 98 सेंटला भिडलेलं असायचं, त्याच अल्बममधली बाकीची मात्र पाच-दहा सेंटवरच रेंगाळायची. ती आधी उचलायची. गाजलेलं काय, कुठेही साधारण त्याच भावात मिळायचं. थोडक्यात, फक्त हिट गाणी ऐकणाऱ्याला या पद्धतीत फारसं काही स्वस्त पडायचं नाही.

शिफारशीचा भाग सगळ्यात रंजक: आवडलेलं गाणं इतर ग्राहकांना सुचवता यायचं. 8 सेंटला असताना शिफारस केलेलं गाणं 98 वर गेलं, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे 45 सेंट सुचवणाऱ्याच्या खात्यात जमा व्हायचे. 60 वर असताना केली तर जास्तीत जास्त 19. म्हणजे कान तयार लागायचा आणि घाईही. गोम इथेच होती. काही दिवसांत माणूस आवडलेलं सोडून चढेल असं गाणं शोधू लागायचा, आणि शिफारशींची यादी सट्टेबाजाच्या वहीसारखी दिसायला लागायची. त्या यादीवर भरवसा ठेवण्यापेक्षा नमुना स्वतः ऐकलेला बरा असायचा.

कलाकाराच्या बाजूने हिशेब असा होता: पहिले 5 डॉलर कंपनीचे, त्यापुढच्या विक्रीतले 70 टक्के कलाकाराचे. गाणं तळाच्या दरात अडकलं, तर ते पाच डॉलर भरायलाच शेकडो खरेद्या लागायच्या. नवख्याला श्रोते मिळायचे, पैसे उशिराने.

ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानानेही एप्रिल 2009 पासून 69 सेंट, 99 सेंट आणि 1.29 डॉलर असे तीन दर आणले. पण ते टप्पे ठरवलेले होते, खरेदीसरशी आपोआप हलणारे नव्हेत.

पाच-सात सेंटसाठी दरवेळी कार्ड वापरणं कुणालाच परवडत नाही, कारण व्यवहाराचं शुल्कच गाण्यापेक्षा महाग पडतं. म्हणून ॲमी स्ट्रीटवर खात्यात आगाऊ पैसे भरावे लागायचे. अशा कुठल्याही सेवेत एका वेळी थोडीच रक्कम भरावी: ॲमेझॉनने ही सेवा घेतली तेव्हा शिल्लक संपवायला फार थोडा अवधी मिळाला होता. उतरवून ठेवलेली गाणी मात्र कुलूप नसल्यामुळे वाजतच राहिली.