लेखी अभिप्राय की शेजारी बसून निरीक्षण?

माझ्या भाच्याने जळगावात बसून, गोडो या व्हिडिओ गेम बनवण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर, जेमतेम पंधरा मिनिटांचा एक खेळ तयार केला असून त्यात एक मुलगा केळीच्या बागेतल्या पाण्याच्या चाऱ्यांवरून उड्या मारत जातो. त्यावर मी आधी दीड पान लेखी अभिप्राय दिला. 'उडी नीट लागत नाही' हे त्यातले वाक्य खरे होते, पण त्याच्या काहीच उपयोगाचे नव्हते.

नंतर शेजारच्या मुलीला खेळायला बसवून आम्ही दोघे गप्प राहिलो, आणि भाच्याला ते गप्प बसणे फारच जड गेले. ती तिसऱ्या चारीत सात वेळा पडली, आणि दर वेळी पाय काठावरून सुटल्यानंतर क्षणभराने बटण दाबत होती. दोष तिचा नव्हता. काठ सुटल्यावरही सहा फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारे एकेक चित्र), म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम धरल्यास 0.1 सेकंद, उडी मान्य करण्याची सवलत खेळात नव्हती. या सवलतीला खेळ बनवणारे 'कोयोटी टाइम' म्हणतात. असा दोष कागदावरून सापडणे अवघडच.

तरीही संवादांच्या बाबतीत मी लेखी अभिप्रायालाच झुकते माप देईन. खेळातल्या आजीची अहिराणी मध्येच प्रमाण मराठी होते, हे ओळीओळीवर खूण करून दाखवावे लागते आणि त्यासाठी पुन्हा वाचण्याची सवड हवी. शिवाय फोनचे मॉडेल व खेळाची आवृत्ती लिहिलेली असली, की दुरुस्तीनंतर ताडून पाहता येते.