वाय-फाय सारखं तुटतंय: अडॅप्टर, केबल, मेश की नवा राउटर?

कोकणातल्या घरात नेट तुटायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो राउटर बदलण्याचा. नवा राउटर येतो, आठवडाभर बरं चालतं आणि मृगाच्या पावसात पुन्हा तेच सुरू. संगणकावर कनेक्शन तुटल्याचं लक्षण एकच दिसतं, पण त्यामागे वीज, बाहेरची लाईन, वाय-फायची लहर किंवा खुद्द संगणक असं काहीही असू शकतं. चारही दुखण्यांचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे, म्हणून आधी नेमकं काय तुटतंय ते ठरवा.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१, आणि स्टेटसच्या पानावर 'अपटाइम', म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. नेट तुटल्यानंतर तो शून्यापासून मोजायला लागला असेल तर राउटर बंद पडून पुन्हा चालू झालाय, म्हणजे संशय विजेवर. अपटाइम दोन-तीन दिवसांचा असेल तर संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा (ping -t आणि पुढे पत्ता; समोरून उत्तर येतंय का ते ही आज्ञा विचारत राहते), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दुसरी थांबली आणि पहिली चालू राहिली तर दोष बाहेरच्या लाईनचा. दोन्ही एकदम थांबल्या तर तो राउटर आणि संगणक यांच्या मधला. अशा वेळी संगणक लॅन केबलने जोडून तासभर बघा. केबलवर सुरळीत चाललं तर वाय-फाय दोषी.

आता एकेक पर्याय.

सगळ्यात स्वस्त म्हणजे अडॅप्टर. राउटरला बहुतेक वेळा १२ व्होल्टचा, १ किंवा १.५ अँपिअरचा अडॅप्टर असतो. दमट हवा आणि कमी-जास्त होणारं व्होल्टेज यांत त्यातला कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, फुगतो. मग दिवे लागलेले दिसतात, पण चार-पाच उपकरणं एकदम चालू झाली की व्होल्टेज पडतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. नवा घेताना व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनचा आकार व ध्रुव जुळायला हवेत. काम दोन-चारशे रुपयांत होतं. लाईट दिवसातून चार वेळा क्षणभर जाऊन येत असेल तर मात्र १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बरा, साधारण हजार-दीड हजाराचा. घरात इन्व्हर्टर असूनही राउटर बंद पडत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये बदल सावकाश होतो, तेवढ्यात राउटर बंद पडतो आणि पुन्हा लाईन धरायला दोन-तीन मिनिटं घेतो.

दोष बाहेरच्या लाईनचा असेल तर खिशात हात घालूच नका. फायबरच्या डब्यावरचा 'लॉस' दिवा लाल लुकलुकत असेल, किंवा स्टेटसच्या पानावर येणारी ऑप्टिकल पॉवर उणे २७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा सिग्नल कमजोर) आसपास असेल, तर प्रकाशच कमी पोचतोय. उणे १५ ते उणे २५ असेल तर काळजी नाही. खांबावरून वाडीत आलेल्या वायरीवर माडाची झावळी पडून ती मुडपते, किंवा जोडाच्या पेटीत पाणी शिरतं. पॉवरचा आकडा टिपून तक्रारीत लिहा. 'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं तर राउटर रीस्टार्ट करा असंच उत्तर मिळतं.

वाय-फायचा दोष असेल तर खरा निर्णय इथे आहे: दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा आणखी एक डबा) केबलने जोडायचा, की मेश (एकमेकांशी बोलून एकच वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यांचा संच) घ्यायचा?

जांभ्याची भिंत नऊ ते चौदा इंच जाड असते. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ओटीवर राउटर ठेवला तर माजघर ओलांडून मागच्या पडवीत वाय-फायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची जवळपास पोचतच नाही, २.४ ची पोचते पण लटपटत. जाहिरातीतलं मेशचं अंतर हलक्या भिंतींच्या घरातलं असतं. केबल न जोडलेल्या मेशचा दुसरा डबा पहिल्याशी हवेतूनच बोलतो, मध्ये दोन चिरेबंदी भिंती आल्या की त्यांचंच आपसांतलं कनेक्शन तुटतं आणि संगणक मात्र पूर्ण दांड्या दाखवत राहतो. दुसऱ्या डब्याच्या जागी मोबाइलवर वाय-फाय मोजणाऱ्या ॲपने पहिल्या डब्याचा सिग्नल मोजा. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तरच बिनवायरी मेश घ्या. दार उघडं ठेवून नव्हे, लावून मोजा.

म्हणून चिरेबंदी घराला आमची पसंती केबलला. कॅट-६, शुद्ध तांब्याची केबल मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल खाऱ्या हवेत लवकर खराब होते. एका टप्प्याला मर्यादा १०० मीटरची, घराला ती भरपूर. छताकडेने, वाशांच्या आधाराने न्या, पण विजेच्या वायरीशी समांतर बांधू नका. दुसऱ्या टोकाला जुना राउटरही चालतो. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि केबल 'वॅन' (बाहेरून नेट येण्याच्या) ऐवजी 'लॅन'च्या भोकात लावा. यातलं डीएचसीपी विसरलं की दोन राउटर वेगवेगळे पत्ते वाटतात, आणि काही संगणक चालतात, काही अडतात. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. २.४ वर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ मधला चॅनल घ्या. ५२ ते १४४ पर्यंतच्या चॅनलवर रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर जाताना निदान मिनिटभर ऐकून मगच बोलावं लागतं. संगणकाच्या दृष्टीने ते तुटणंच.

केबल लावूनही वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दाखवत असेल तर प्लग काढून उजेडात धरा. आठांपैकी एखाद्या सोनेरी पट्टीवर हिरवट थर दिसू शकेल. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात, म्हणून बाकीच्या चारांतली एक तार गंजली तरी नेट चालतं पण कण्हत. जुना प्लग छाटून नवा क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने दाबून बसवा; फक्त पुसून काही दिवसांतच पुन्हा तेच होतं.

मालवण-तारकर्लीकडे घराशेजारच्या पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत किंवा आवारातल्या मांगरापर्यंत नेट न्यायचं असेल तर मात्र तांब्याची केबल नको. दोन इमारतींमधली तांब्याची तार वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जाळते. तिथे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारी डबी) लावा. बाहेरच्या फायबरमध्ये बहुतेकदा आधाराला पोलादी तार असते, ती घराबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडायची, आत आणायची नाही.

नवा राउटर घेणं योग्य केव्हा? जुन्यात फक्त २.४ असेल, किंवा वीज, लाईन आणि चॅनल तपासूनही तो रोज अडकत असेल तेव्हा. डबा कंपनीचा असेल तर आधी त्यांच्याकडून बदलून घ्या.

आणि एकाच लॅपटॉपला त्रास होत असेल तर राउटरला हात लावू नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढा, कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. जुना लॅपटॉप असेल आणि राउटरवर वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ व ३ मिश्र ठेवला असेल तर फक्त २ वर ठेवून बघा.